वायर नवी मिळते, कान नवा मिळत नाही



गेल्या महिन्यात कळंब तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. देवळासमोर ताडपत्री अंथरून आम्ही ट्रायकोडर्मा कसे चोळायचे, त्यावर रायझोबियम कसे लावायचे आणि बियाणे सावलीतच का वाळवायचे, हे हाताने करून दाखवले. प्रश्नोत्तरे झाली, चहा झाला. मी पिशवी आवरत होतो, तोच मागे बसलेल्या एक आजी पुढे आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी काळ्या वायरींचा गुंता काढला आणि माझ्यापुढे धरला.

"सायब, बियाणं पारखून घ्या म्हून सांगता. मग हे बी कसं पारखायचं ते सांगा की. दसऱ्यापासून तीन झाल्या. एका कानात येतंय, एका कानात न्हाई."

मंडळी हसली. पण आजींचे काही चुकले नव्हते. त्यांचा नातू बारावीला आहे, तो मोबाईलवर तास ऐकतो. आजी रात्री कीर्तन ऐकतात. सुनेला पहाटे धारा काढायला उठायचे असते, तिची झोप मोडू नये म्हणून कानात हेडफोन. आठवडी बाजारात सत्तर रुपयांना एक, अशा तीन घेतल्या. म्हणजे दोनशे दहा रुपये गेले आणि हाती गुंता राहिला.

तो गुंता मी मागून घेतला आणि घरी येऊन सुरीने उघडून पाहिला. तीनपैकी दोन हेडफोन एकाच जागी गेले होते. फोनमध्ये खुपसायची जी पिन असते, तिच्या मानेशी आतली तार तुटली होती. तिसऱ्याला काहीच झाले नव्हते. त्याच्या जाळीत कानातला मळ भरला होता. जुन्या दात घासायच्या ब्रशने हलकेच झाडला आणि हेडफोन बोलू लागला.

आजींच्या प्रश्नाला तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. ते आज या पानावर देतो. घरोघरी मोबाईल आहे, तेव्हा हा प्रश्न एकट्या आजींचा नाही.

आत असते तरी काय?

हेडफोनच्या बोंडात तीन वस्तू असतात. एक लहानसे लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. फोनमधून विजेचा क्षीण प्रवाह येतो, वेटोळे पुढे-मागे थरथरते, पडदा हवा हलवतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. घरातल्या रेडिओच्या कर्ण्यातही हेच असते, फक्त मोठे.

ही तीन वस्तूंची जोडणी सहसा लवकर बिघडत नाही. बिघडते ती वायर, आणि तीही मधेच नव्हे, तर जिथे ती पिनेत किंवा बोंडात शिरते तिथे. दावे कुठे तुटते ते तुम्हाला माहीत आहे. खुंट्याशी घासते तिथे. हेही तसेच.

म्हणून स्वस्त आणि चांगला यांतला फरक पुष्कळदा आवाजापेक्षा जोडात असतो. शे-सव्वाशेच्या आतल्या मालात कारखानदार पहिली काटकसर इथेच करतो. तीनशे ते सहाशे रुपयांच्या दरम्यान घरच्या वापराला पुरेसा माल मिळतो. त्याहून महाग घेतला म्हणजे दुप्पट टिकेल, असे मात्र समजू नका. मी इथे कोणत्याही कंपनीचे नाव घेणार नाही. बियाण्याच्या वाणांची नावे सांगणे माझे काम आहे, हेडफोनची नव्हे. आणि कंपन्यांचे नमुने दर वर्षी बदलतात, पारख बदलत नाही.

खोक्यावरचे आकडे

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेले असते, त्याला अर्थ असतो. हेडफोनच्या खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांना तसा अर्थ नसतो.

"२० ते २०,००० हर्ट्झ" असे जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेले असते. निरोगी तरुण कानाला साधारण एवढ्या पट्ट्यातला आवाज ऐकू येतो, एवढाच त्याचा अर्थ. सत्तर रुपयांच्या हेडफोनवरही तो असतो आणि सात हजारांच्याही. त्यावरून निवड करता येत नाही.

"१० मिलिमीटर ड्रायव्हर" म्हणजे आतल्या पडद्याचा व्यास. मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज, असा नियम नाही. मोठे शिंग म्हणजे चांगला बैल नव्हे, तसेच.

"ओहम" हा आकडा पाहावा. साध्या फोनला १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन सहज पेलतो. याहून फार मोठा आकडा असेल तर फोनची ताकद अपुरी पडून आवाज बारीक येऊ शकतो.

"सेन्सिटिव्हिटी" डेसिबलमध्ये दिलेली असते. १०० च्या आसपास असली की फोनसाठी ठीक. तेवढ्याच विजेत आवाज किती मोठा निघतो, याचे ते माप आहे.

"एक्स्ट्रा बास" म्हणजे खालचा, घुमणारा आवाज वाढवलेला. लग्नाच्या वरातीला ते ठीक आहे. पण ज्याला शिकवणी, बातम्या किंवा कीर्तन ऐकायचे आहे, त्याचे शब्द त्या घुमण्यात बुडतात. मग शब्द कळावेत म्हणून तो आवाज आणखी वाढवतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

पिनेला सोन्याचा मुलामा असतो. त्याने आवाज गोड होत नाही, घामाने आणि दमट हवेने पिन गंजत नाही एवढेच.

दुकानातल्या सहा परीक्षा

हेडफोन घ्यायला जाताना दोन गोष्टी सोबत न्या. ज्या फोनला तो लावायचा तो फोन आणि ज्याच्या कानात घालायचा तो माणूस. बापाने मुलासाठी अंदाजाने चप्पल आणली तर जे होते, तेच इथे होते.

पहिली परीक्षा जोडाची. पिन आणि बोंड जिथे वायरीला मिळतात, तिथे मऊ रबराची, खाचाखाचांची लांबट मान असावी. वायर वाकवली की वळण हळूहळू पडले पाहिजे. कडक प्लास्टिकमधून वायर एकदम बाहेर आली असेल आणि काटकोनात मोडत असेल, तर तो हेडफोन खाली ठेवा.

दुसरी परीक्षा चालू आवाजावर. गाणे लावा आणि मानेशी वायर हलक्या हाताने इकडेतिकडे वाकवा. खरखर झाली किंवा एक बाजू क्षणभर बंद पडली, तर आतला जोड सैल आहे. दुकानदार "नवीन हाय, बसल जरा" म्हणेल. तो बसत नाही, तुटतो.

तिसरी परीक्षा बसणीची, आणि हिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. कानात शिरणाऱ्या हेडफोनसोबत रबराच्या टोप्यांच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या मिळतात. बहुतेक लोक लावलेली मध्यम जोडी वापरतात आणि बाकीच्या खोक्यासकट फेकून देतात. गाणे चालू असताना बोंड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर आवाज एकदम भरला, तर टोपी तुमच्या कानाला लहान आहे. मोठी लावून पाहा. कान दुखत असेल तर लहान. काहींचा डावा-उजवा कान सारखा नसतो, त्यांनी दोन मापे वापरायला हरकत नाही. ज्यांना कानात रबर अजिबात सोसत नाही, त्यांनी नुसते कानाच्या पाळीत टेकणारे उघडे हेडफोन घ्यावेत.

चौथी परीक्षा बोलण्याची. रस्त्याचा गोंगाट नसेल अशा बाजूला जा. फोनमध्ये ओळखीच्या बुवांचे कीर्तन लावा. कीर्तनासारखी परीक्षा दुसरी नाही. मृदंगाची धुम भरीव ऐकू आली पाहिजे, टाळाची किणकिण कानाला टोचता कामा नये, आणि या दोन्हींमधून बुवांचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. हे सगळे फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून करा. निम्म्यावर शब्द कळत नसतील, तर तो हेडफोन तुमचा नव्हे, मग त्यावर कोणतेही नाव छापलेले असो.

पाचवी परीक्षा माइकची. दुकानातूनच घरी फोन लावा आणि "माझे बोलणे कसे येते?" असे विचारा. तारेवरचा माइक चांगला असला की दोन्ही हात मोकळे ठेवून बोलता येते. किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या फुकटच्या क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत विचारता येते. तिथे औषधाचे प्रमाण सांगितले की लिहून घ्यायला हात मोकळा असतो. ऐकण्यात चूक झाली तर पंधरा मिलिलिटरचे पन्नास होतात, आणि मग पीक बोलते.

सहावी परीक्षा कागदाची. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा क्रमांक असलाच पाहिजे, असा आवेष्टित वस्तूंचा नियम आहे. पावती घ्या, हमीपत्रावर तारीख घालून घ्या. हमीच्या मुदतीत बिघडले आणि दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बियाण्याची पिशवी आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपता ना? तसाच हा कागद जपा.

गोल पिन की चपटी?

पूर्वीच्या बऱ्याच फोनना साडेतीन मिलिमीटरचे गोल छिद्र असे. आता बऱ्याच फोनना ते नसते, चार्जिंगच्या चपट्या टाइप-सी तोंडातच हेडफोन लावायचा असतो. गोल पिनेवर काळ्या रेषा मोजा. दोन असतील तर नुसते ऐकण्याचे, तीन असतील तर माइकसहित.

फोन चपट्या तोंडाचा आणि हेडफोन गोल पिनेचा असेल, तर मधे जोडणी लागते, जिला दुकानात कन्व्हर्टर म्हणतात. हे कन्व्हर्टर दोन जातींचे असतात. एकात फोनच्या आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी बारीक चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा असतात. नुसत्या तारांचा कन्व्हर्टर काहीच फोनवर चालतो. दिसायला दोन्ही सारखे. म्हणून फोन सोबत न्यायला सांगितले. लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

वायर हीच एरियल

बिनतारी हेडफोनच्या जमान्यात हा गृहस्थ तारेचे पुराण का सांगतो, असे तरुण मंडळींना वाटेल. त्याची तीन कारणे आहेत. तारेला चार्जिंग लागत नाही. तिची बॅटरी दोन वर्षांनी मरत नाही. आणि तिसरे कारण रेडिओ.

तुमच्या फोनमध्ये एफ.एम. रेडिओ असेल, तर तो हेडफोनची वायर लावल्याशिवाय सहसा चालत नाही. कारण ती वायरच त्याची एरियल असते. एफ.एम.च्या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर. तिच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे पाऊण मीटरभर तार लहर पकडायला पुरते. हेडफोनची वायर त्याहून थोडी लांब असते. गोल पिनेच्या फोनवर ही सोय उत्तम चालते. चपट्या तोंडाच्या फोनवर रेडिओ असेलच असे नाही, विचारून घ्या. मोबाईल बनवणाऱ्यांनी फोनमधला एफ.एम. बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये दिली, ती संकटकाळाचा विचार करूनच.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मला आठवते. परभणीहून बी.एस्सी. होऊन मी नुकताच गावी आलो होतो. घर हादरले आणि आम्ही अंगणात पळालो. किल्लारीला आणि आपल्याकडच्या सास्तूरला काय झाले, ते आम्हाला वडिलांच्या ट्रान्झिस्टरवरून कळले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला, तेव्हाचे दिवसही तुम्ही पाहिले आहेत. वीज गेली की मोबाईलचा मनोरा त्याच्या बॅटरीवर काही तास चालतो, मग रेंज जाते. धाराशिवला आकाशवाणीचे एफ.एम. केंद्र आहे. फोनला रेंज नसली, रिचार्ज संपला असला, तरी हवेतून येणारा तो आवाज वायर लावली की ऐकू येतो. म्हणून घरातला एक तारेचा हेडफोन चालू स्थितीत असू द्या. आणि आजच, संकट नसताना, धाराशिव केंद्र लागते का ते पाहून ठेवा.

माझा डावा कान

आता थोडे कानाविषयी. त्या दिवशी आजी बोलत होत्या तेव्हा मी मान वळवून उजवा कान त्यांच्याकडे केला. हे माझ्या आता ध्यानातही येत नाही. आजींच्या आले. म्हणाल्या, "सायब, डाव्या कानानं कमी येतंय व्हय?"

होय, येते. गावोगाव मोटारसायकलवर फिरताना डाव्या कानात हेडफोन घालून फोनवर बोलायची, गाणी ऐकायची सवय मी कित्येक वर्षे ठेवली. वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज दाबायचा म्हणजे फोनचा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवायचा. आधी रात्री कानात बारीक शिट्टी वाजू लागली. मी म्हटले, थकवा असेल. मग सभेत मागून कोणी प्रश्न विचारला की शब्द अर्धवट कळू लागले. डॉक्टरांनी तपासणी केली, आलेख काढला आणि सांगितले की गेले ते परत येणार नाही, राहिले ते सांभाळा. ज्याचे निम्मे काम शेतकऱ्यांचे ऐकण्याचे, त्याचा कान असा जावा, आणि तोही स्वतःच्या हाताने, याची लाज वाटते. म्हणून सांगतो आहे.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसासारख्या टोकांच्या नाजूक पेशी असतात. आवाजाने त्या डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. वाऱ्याने ज्वारी डोलते तशा. साध्या वाऱ्याने डोललेली ज्वारी पुन्हा उभी राहते, वादळाने आडवी झालेली राहत नाही. पण ज्वारी पुढच्या हंगामात पेरता येते. या पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत.

किती आवाज सोसतो, याचे माप जागतिक आरोग्य संघटनेने दिले आहे. ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० डेसिबलला तर आठवड्याचे चार तासच. लहान मुलांसाठी ही मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलला ४० तास. डेसिबल मोजायचे यंत्र आपल्याकडे नसते, म्हणून सोपा नियम असा की फोनचा आवाज दहापैकी सहाच्या वर नेऊ नये. हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे कळत नसेल, तर तुमचा आवाज जास्त आहे. तासाभराने कानाला दहा मिनिटे विसावा द्यावा.

आता मघाची गोष्ट इथे जुळते. ज्या हेडफोनची टोपी कानाला नीट बसते, त्यात बाहेरचा गोंगाट कमी शिरतो आणि कमी आवाजात भागते. ज्यात शब्द स्वच्छ येतो, त्यातही कमी आवाजात भागते. ढिला बसणारा, घुमणारा, खरखरणारा हेडफोन आवाज वाढवायलाच लावतो. चांगला हेडफोन कोणता, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. जो कमी आवाजात स्पष्ट ऐकवतो तो.

एका कानाने कमी ऐकणाऱ्यांसाठी एक सोय सांगतो. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या सदरात मोनो ऑडिओ असा पर्याय बहुतेक फोनमध्ये असतो. तो चालू केला की डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही बोंडांत येतो. मग एकाच कानाने ऐकले तरी काही निसटत नाही. मी रोज वापरतो.

कुठे घालू नये

मळणी यंत्रापाशी, कडबा कुट्टीपाशी आणि पंपाच्या पट्ट्यापाशी गळ्यात वायर लोंबती ठेवू नका. पदर, मफलर, सैल बाही यांनी जे अपघात होतात, तेच या वायरीने होतील. मळणी यंत्रांच्या अपघातांपायी १९८३ साली देशाला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, यावरून काय ते ओळखा. ऐकायचे असेल तर यंत्र बंद झाल्यावर ऐका.

ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर आणि रस्त्याने चालताना कान मोकळे असावेत. उघड्या ट्रॅक्टरच्या चालकाच्या कानाशी मुळातच ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. त्यावर गाणे ऐकायचे तर ते त्याहून मोठे लावावे लागते. शिवाय मागून येणारी गाडी कळत नाही. बेअरिंगचा आवाज बदलला, नांगराचा फाळ दगडाला लागला, हेही कळत नाही. जुना शेतकरी मोटरीचा सूर बदलला की झोपेतून उठतो. ती विद्या कानात बोंड घालून बुजवू नका.

रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्यांना विशेष सांगणे आहे. थ्री-फेज रात्री येते, रान सुनसान असते, सोबतीला गाणे हवेसे वाटते, हे मी समजू शकतो. पण अंधारात आपल्या जिवाला पहिली राखण कानाची. पाचोळ्यात सळसळ झाली, कुत्रे एकाएकी भुंकले, बांधापलीकडून कोणी हाक मारली, हे ऐकू आलेच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ आपल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात दिसला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बिबट्या आणि रानडुकरे तर नेहमीची. रात्री रानात ऐकायचेच असेल तर हेडफोन काढून फोनच्या कर्ण्यावर बारीक आवाजात ऐका.

आणखी एक. फोन चार्जिंगला लावलेला असताना कानात हेडफोन घालू नका. हलका चार्जर आणि घरात अर्थिंग नाही, अशा ठिकाणी बिघाड झाला तर वीज वायरीवाटे अंगात यायचा धोका असतो.

निगा

हेडफोन काढताना वायर ओढू नका, पिन धरून काढा. फोनभोवती करकचून गुंडाळू नका. चार बोटांवर सैल वेटोळे करून जुन्या तंबाखूच्या डबीत किंवा कापडी पिशवीत ठेवा. आठवड्यातून एकदा रबराच्या टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून मग लावा. जाळी कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झाडा. सुई खुपसू नका. कान वाहत असेल तर हेडफोन बंद आणि डॉक्टरांकडे. कानात काडी, आकडा, कढवलेले तेल काही घालू नका. एकाच्या कानातला हेडफोन न धुता दुसऱ्याने घालू नये.

सगळेच कानात नको

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळे नेमली. ती मंडळे आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. त्या प्रयोगातून मिळालेली शिकवण अशी की, ऐकण्याइतकेच ऐकल्यावर बोलणे महत्त्वाचे. आज घरात चार माणसे चार कोपऱ्यांत कानात बोंडे घालून बसतात. अभ्यासाला, फोनवर बोलायला, कोणी झोपले असेल तेव्हा हेडफोन हवाच. पण हवामानाचा अंदाज, बाजारभाव, पिकाचा सल्ला हे कर्ण्यावर लावून सगळ्यांनी ऐकावे. घरातल्या बाईला तो सल्ला कळला नाही, तर निम्म्या शेताला कळला नाही असे समजा.

असो. परवा हरभऱ्याची उगवण पाहायला त्याच गावी गेलो होतो. आजींचा दुरुस्त केलेला हेडफोन त्यांना परत दिला. तोवर नातवाने कळंबला जाऊन तीनशे वीस रुपयांचा एक आणला होता, पावतीसकट. आजींनी तो माझ्यापुढे कानात घातला, टोपी बदलून घेतली आणि फोनवरचा आवाज कुठवर आहे ते मला दाखवले. निम्म्याच्या थोडा खाली होता. मग त्या उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता विचारते. पलीकडच्या वाफ्यात हरभरा पिवळा कशानं पडलाय?"

त्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर रोप उपटून मुळावरच्या गाठी पाहून ठेवा, आणि त्या किती आहेत ते मला कळवा.